चिंचेच्या पाण्याने धुतलेले डोळे

माझ्या सुनेने लग्नात माहेराहून भांडी कमी आणली आणि मातीच्या मूर्ती जास्त. आठ मूर्ती, वीतभर उंचीच्या. तिच्या वडिलांनी स्वतः केलेल्या आणि स्वतः रंगवलेल्या. माशांची पाटी घेतलेली कोळीण, मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव, बांगड्या भरणारा कासार, नंदीबैलवाला, भाताचा भारा घेतलेली बाई, डबा घेऊन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, निघालेला कामगार, तान्हं पोर मांडीवर घेतलेली आई. आठवी होती आवणी, म्हणजे भाताची लावणी, करणारी बाई. ती कमरेत वाकलेली, तोंड खाली चिखलाकडे. तिची फक्त पाठ दिसायची आणि खोचलेलं लुगडं.

माझे व्याही पडघ्याला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्ती रंगवून झाल्यावर शेवटी डोळे काढणं. रंग दहा माणसं देतात, पण डोळे एकच माणूस काढतो. त्याने हात ठेवला नाही तर मूर्ती तयार झाली असं कोणी म्हणत नाही. ही गोष्ट मला तेव्हाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती असं सांगून मला सुटता येणार नाही.

आम्ही मूळचे अंजूरकडचे. शेत गोडाऊनला गेलं आणि आम्ही टेमघरला घर बांधलं. मुलाने हॉलमध्ये भिंतभर काचेचं कपाट करून घेतलं. त्यात सुनेने मूर्ती मांडल्या. पण शेजारी लूम. दिवसरात्र खटखट आणि कापसाची तुसं उडत असायची. काच लावली तरी ती फटीतून आत शिरायची. वर रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ. पंधरा दिवसांत वासुदेवाची टोपी पांढरी व्हायची.

सून दर पंधरा दिवसांनी त्या साफ करायची. त्याची तिची पद्धत ठरलेली. आधी जमिनीवर जुनी गोधडी अंथरायची, म्हणजे मूर्ती हातातून सुटली तरी फुटू नये. हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या. मूर्ती उचलताना एक हात बुडाखाली, एक पाठीला. डोकं किंवा हात धरून कधीच उचलायची नाही. मग दाढीचा नवा, कोरडा ब्रश घेऊन डोक्याकडून पायाकडे हळूच झाडायचं. कानाच्या मागे, बोटांच्या मधे कापसाची काडी. फडकं नाही, पाणी तर नाहीच. एकेका मूर्तीला पाव पाव तास.

मी चुलीपाशी नाहीतर दारात बसून बघायची आणि मला राग यायचा.

"काय गं, दाढी करतंस काय त्यांची?" मी म्हणायची.

"हो. वासुदेवाची झाली. आता नंदीबैलाची," ती म्हणायची. ती रागवायची नाही, त्यामुळे मला आणखी राग यायचा.

खरं सांगायचं तर राग मूर्तींचा नव्हता. आमच्या देव्हाऱ्यातले पितळेचे देव मी एकटी घासायची. चिंच आणि राख लावून, माझ्या सासूने शिकवलं तसे. सून त्या कामाला कधी बसली नाही. तिच्या बापाच्या मातीला ब्रश आणि आमच्या देवांना माझी बोटं, असं माझ्या मनात बसलं होतं. मनात बसलेलं मी कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर ती दुसऱ्या दिवशी देव घासायला बसली असती, एवढी ती सरळ होती.

श्रावण संपत आला होता. सून धाकट्या पोराला घेऊन दोन दिवस माहेरी गेली. जाताना म्हणाली, "आई, कपाट राहू द्या. मी आल्यावर करते."

त्याच दिवशी माझी धाकटी बहीण आली. तिला सगळीकडे नाक खुपसायची सवय. कपाटासमोर उभी राहिली आणि काचेवर बोट ठेवून म्हणाली, "अगो, ही कोळीण हाय का पिंजारीण? अंगावर सगला कापूस! गणपतीला पावनं येतील, काय बोलतील?"

"सून करंल," मी म्हणाले.

"सून करंल! तुझ्या हातांना काय मुंग्या आल्यात?"

ती चहा पिऊन गेली. मी देव घासायला बसले. चिंच कोमट पाण्यात कोळून ठेवली होती. देव घासून झाले, लख्ख झाले, आणि पातेलंभर पाणी उरलं. ते टाकायचं माझ्या जिवावर आलं. बाकी काही कारण नव्हतं. उरलेलं पाणी आणि बहिणीचं बोलणं.

पहिली कोळीण घेतली. डोकं धरून उचलली. फडकं चिंचेच्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि तोंडावरून फिरवलं. ओलं झाल्याबरोबर रंग असा उजळला की मला वाटलं, बघ, हेच पाहिजे होतं. लुगडं हिरवंगार, नाकातली नथ लालबुंद. आठ वर्षांत सुनेने एकदाही त्यांना आंघोळ घातली नाही, असं मनात आलं आणि मला बरं वाटलं. मी जोरात घासलं. फडक्याला काळं लागत होतं. मला वाटलं, ही लूमची काजळी आहे. जितकं काळं निघत होतं तितकी मी खूश होत होते.

ते डोळे होते.

एकेक करून आठही पुसल्या. वाकलेल्या बाईची फक्त पाठ पुसली, तिचं तोंड कोणाला दिसतंय म्हणून. मग देव ठेवते तशा सुपात ठेवल्या आणि गच्चीवर उन्हात वाळत घातल्या. जेवून, झोपून उठले आणि सूप आणायला गेले.

वाळल्यावर त्यांचा उजाळा गेला होता. चेहरे पांढरट झाले होते, भिंतीला पोपडे येतात तसे. वासुदेवाला डोळे नव्हते. कासाराला एक अर्धा होता. मांडीवर पोर घेतलेल्या आईच्या डोळ्यांचं काळं गालावर उतरून वाळलं होतं. नंदीबैलवाल्याच्या बुडाची माती मऊ होऊन सुपाला चिकटली होती. कच्ची शाडूची माती आणि पाण्यातले रंग, वर वार्निश नाही. तोंडावर चमक आली की माणूस खोटा दिसतो, म्हणून व्याही मुद्दाम वार्निश लावत नसत. हे सुनेने मला सांगितलं होतं, एकदा नाही, दहादा.

मी काय केलं तेही लिहिते. काजळाची डबी काढली, काडेपेटीतली काडी घेतली आणि कोळणीला डोळे काढायला बसले. डावा जरा बरा आला. उजवा काढला तर ती चकणी दिसायला लागली. पुसला तर गालभर काजळ झालं. मग मात्र मी काडी टाकून दिली. मी सगळ्या मूर्ती कपाटात जशा होत्या तशा ठेवल्या, फक्त तोंडं थोडी भिंतीकडे वळवली. फडकं चुलीत घातलं.

सून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिची नजर कपाटावर गेली. तिने काच सरकवली, कोळीण हातात घेतली आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"आई, कपाट कोणी उघडलं होतं का?"

"मना काय ठाव? मी माझ्या देवांत होते."

"मग हे असं कसं झालं?"

"पावसाची ओल लागली आसल," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ पुढे गेली. "आनी रंगच कच्चा आसल. मातीचीच वस्तू ती, किती दिस टिकंल?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मूर्ती जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, सुटले.

गणपतीत व्याही दर्शनाला आले. अंगात धुतलेला पांढरा सदरा, हातात केळीची फणी. त्यांची नजर तेव्हा कमी होत चालली होती, पण कारखान्यातली आखणी अजून तेच करत होते. आमच्या घरचा गणपतीही त्यांच्याच हातचा. आरती झाली, बसले, आणि माझा मुलगा हसत हसत म्हणाला, "बाबा, तुमचा माल उतरला बरं का! कपाटात बघा. आई म्हणते, रंगच कच्चा होता."

सून आतून बाहेर आली. "तसं काही नाही बाबा. पाणी लागलंय त्यांना."

व्याही उठले. कासार उचलला, एक हात बुडाखाली, एक पाठीला. खिडकीपाशी नेला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. अंगठा गालावरून फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला. मी मोदकांचं ताट घेऊन उभी होते. चिंचेचा वास आला तर काय, एवढंच माझ्या डोक्यात.

"कपाटात पानी कुठून येल?" ते म्हणाले. "रंगातला सरस कमी पडला माझा. रंग बांधलाच न्हाय."

"बाबा, मी सांगते ना, पाणीच लागलंय."

"तू पोर हायस माझी. तू तसंच बोलनार." त्यांनी कासार परत ठेवला. मग माझ्याकडे वळून हसले. ते हसणं मला अजून दिसतं. "विहीणबाई, काय हाय, लोकांचे गणपती दीड दिसात पान्यात जातात. कुनाला पाच दिस, कुनाला दहा. म्हनून माझं खपलं. रंग टिकतो का न्हाय, कोन बघायला जातो? माझ्या हातचं टिकलेलं म्हनून एवढंच होतं. या आठ."

मी काय बोलले माहीत आहे का? मी म्हणाले, "मोदक घ्या."

त्यांनी एक घेतला. अर्धा खाल्ला.

मी रडणारी बाई नाही. नवरा गेला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी भात झोडायला शेतावर होते. पण त्या अर्ध्या मोदकाचं ताट उचलताना माझी मान वर होईना. तरी तोंड उघडलं नाही. सुनेसमोर, मुलासमोर, व्याह्यांसमोर मी चोर ठरेन, या वयात माझी अब्रू जाईल, असं वाटलं. माझी अब्रू राखायला मी त्यांचा हात खोटा ठरू दिला.

पुढच्या वैशाखात सून माहेरी जाऊन आली ती गप्प गप्प. मीच विचारलं, "काय झालं गं?"

"बाबा यंदा आखणीला बसणार नाहीत. मालकाला सांगून टाकलंय. म्हणतात, पोरीला दिलेला रंग आठ वर्षांपुढे टिकला नाही, लोकांच्या देवाला कशाला हात लावू? ब्रश डब्यात घालून माळ्यावर टाकलेत."

"नजर बी कमी झाली ना त्यांची."

"नजर कमी झाली तरी गेल्या वर्षी सगळ्या मूर्तींची आखणी त्यांनीच केली, आई. हाताला सवय असते. नजरेमुळे नाही सोडलं त्यांनी."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. कारखान्यात मूर्ती साच्यातून निघतच होत्या, आखणीला वेळ होता. मी गप्प बसले. रोज ठरवायची, आज सांगू. दुपार झाली की म्हणायची, पोर शाळेतून येऊ दे. पोर आलं की म्हणायची, दिवाबत्ती होऊ दे. असे दोन महिने घालवले.

आषाढात एकदा सून गोधडी अंथरून मूर्ती झाडायला बसली. डोळे गेलेले, तरी ती पंधरा दिवस चुकवत नव्हती. ब्रश कोळणीच्या तोंडावरून तसाच हळूच फिरवत होती, डोळे असल्यासारखा. मी दारात बसले होते. बसल्या जागेवरून म्हणाले, "ते मी केलं."

तिने ब्रश थांबवला नाही.

"चिंचेच्या पान्यानं. देव घासून उरलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कोळणीच्या पाटीत चिंचेचा दोरा अडकला होता."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? बाबांना सांगितलं मी, सासूबाईंनी धुतल्या म्हणून. ते म्हणाले, माझं मन राखायला सासूवर घालतेस? असं घर फोडू नको. उलट मलाच बोलले." मग ब्रश खाली ठेवून ती म्हणाली, "मी सांगून ते पटणार नाही, आई. तुमचीच वाट बघत होते."

मला वाटत होतं, मी लपवलंय. दहा महिने ती मला जेवायला वाढत होती, औषधं देत होती आणि वाट बघत होती. आपण एखाद्याच्या घरात चोरी करावी आणि त्याने रोज आपल्याला जेवायला वाढावं, तसं झालं.

तिने वाकलेली बाई उचलली आणि माझ्यासमोर उलटी धरली. "हे बघा."

मी वाकून पाहिलं. त्या चिखलाकडे वळलेल्या तोंडावर दोन डोळे होते. पूर्ण, पापण्यांसकट. जिथे कोणाची नजर जाणार नाही, तिथे माणसाने डोळे काढले होते. माझं फडकं तिथपर्यंत पोचलं नव्हतं म्हणून ते राहिले.

"ही घेऊन जा," सून म्हणाली.

तिने ती मूर्ती जुन्या मऊ सुती लुगड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात बसवली. डबा मांडीवर घेऊन मी एसटीने पडघ्याला गेले. खड्डा आला की डबा वर उचलून धरायची. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, काय लाडू हायत काय?" मी डबा आणखी जवळ धरला.

व्याही ओटीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मला बघून उठायला लागले. "विहीणबाई? एकल्याच? पोर बरी हाय ना?"

"सगली बरी हायत. तुम्ही बसा. मना उभ्यानंच बोलू दे, न्हायतर बोलणार न्हाय." आणि मी सांगितलं. पाणी, फडकं, ऊन, काजळ. रंग कच्चा हे मीच म्हणाले, तेही.

ते रागावतील असं वाटलं होतं. मी त्याची तयारी करून गेले होते. त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "पानी थंड का कोमट?"

"कोमट."

"चिंच किती?"

"मूठभर."

"आनी घासलं कसं? पुसलं का घासलं?"

"पितळ घासतात तसं."

"पितळ घासतात तसं," ते म्हणाले. "कोळनीच्या नथीचा लाल?"

"हाय अजून."

"लुगड्याचा हिरवा?"

"फिका झाला. पन हाय."

ते एकदम मोठ्याने हसले आणि आतल्या घराकडे तोंड करून ओरडले, "अगो ऐकलंस काय! चिंचेनं घासला, तरी लाल हाय!" त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. आत कोणी नव्हतं. ओरडल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं आणि ते खाली बघू लागले.

मी डबा उघडून वाकलेली बाई त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, डोळ्यांशी नेली, पण त्यांना दिसेना. "तुम्ही सांगा," ते म्हणाले. "डोल्यात पांढरा टिपका हाय काय? बुबुलाच्या वर, उजव्या अंगाला?"

मी बघितलं. तिळाच्या टोकाएवढा. "हाय. दोन्ही डोल्यांत."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले.

मी म्हणाले, "माझं चुकलं." त्यावर ते म्हणाले, "चुकलंच तुमचं," आणि मला शेंगा सोलायला दिल्या. मी सोलल्या.

दुसऱ्या दिवशी ते माळ्यावरचे ब्रश काढून कारखान्यात गेले. पण मालकाने वैशाखातच दुसरा माणूस आणून बसवला होता, तरुण, झपाझप डोळे काढणारा. मालक त्यांना मान देणारा होता, त्याने परत पाठवलं नाही. उंदरांचे डोळे काढायला बसवलं. तीसेक वर्षं देवाचे डोळे काढलेल्या माणसाला गणपतीच्या पायापाशी असतो त्या उंदराचे डोळे. मी वैशाखात बोलले असते तर तो दुसरा माणूस आला नसता. हे व्याह्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची नजर पुरती गेली. उंदरांचा तो हंगाम त्यांचा शेवटचा.

त्या वर्षी गणपती घरी आला तेव्हा मी आधी देवाकडे पाहिलं नाही. उंदराकडे पाहिलं. बोराएवढं त्याचं तोंड, आणि त्यात दोन डोळे, दोन टिपके.

दीड दिवसाने आम्ही अंजूरच्या खाडीवर गेलो. मुलाने मूर्ती पाटावरून उचलली. उंदीर वेगळा होता, नुसता टेकवलेला. तो मी उचलून पदरात घेतला.

"आई, उंदीर पन पान्यात सोडायचा असतो," मुलगा म्हणाला.

"देव जाऊ दे. हा न्हाय जायाचा."

"अगं, लोक काय बोलतील?"

"बोलू दे."

सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि पदराची घडी नीट करून दिली, उंदराला वरून धक्का लागू नये म्हणून.

तो आता कपाटात आहे, डोळे नसलेल्या सात जणांच्या आणि वाकलेल्या बाईच्या शेजारी. व्याह्यांनी त्या सातांना परत रंग दिला नाही. ठेवा तशाच, म्हणाले. कपाट आता मी झाडते, सुनेने ब्रश माझ्या हातात दिला. गोधडी अंथरते, बांगड्या काढते, एक हात बुडाखाली आणि एक पाठीला. देव घासायला ती बसते.

आलेला माणूस विचारतोच, गणपतीचा उंदीर कपाटात कसा? मी सगळं सांगते, चिंचेच्या पाण्यापासून. माझी बहीण म्हणते, दर वेळी कशाला आपलीच लाज काढतेस? पण ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवशी मी मोदक घ्या म्हणाले होते. म्हणून आता विचारणाऱ्याला आधी ते सांगते, मग चहा टाकते.